छातीतील नळी आणि मज्जातंतूंची इजा

फुप्फुसाभोवतीच्या दुपदरी आवरणात हवा, पाणी, रक्त किंवा पू साठला असता बरगड्यांमधून नळी घालून तिचे बाहेरचे टोक बाटलीतील पाण्याखाली बुडवून ठेवण्याचा उपचार, ज्याला दवाखान्यांत ‘आयसीडी टाकणे’ म्हणतात, प्राण वाचवणारा आहे आणि भीतीपोटी त्याला नकार देणे योग्य नाही. क्षयाने छातीत पाणी झालेले किंवा अपघातात बरगड्या मोडलेले किनवट, देगलूर, उदगीर भागांतील रुग्ण नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत येतात, तेव्हा उशाशी बसलेल्या नातेवाइकांचे सारे लक्ष बाटलीतील बुडबुड्यांकडे असते. मज्जातंतूची इजा मात्र बाटलीत दिसत नाही.

नळीचे टोक फुप्फुसाच्या शिखरापर्यंत वर गेले, तर पहिल्या बरगडीच्या मुळाशी असलेल्या, डोळ्याकडे जाणारे तंतू जिच्यातून जातात अशा मज्जातंतूंच्या गाठीवर त्याचा दाब पडू शकतो, कारण दोहोंमध्ये केवळ एक पातळ पडदा असतो. मग त्याच बाजूची पापणी किंचित उतरते, बाहुली लहान होते आणि कधी चेहऱ्याच्या त्या अर्ध्या भागाला घाम येत नाही. स्विस नेत्रवैद्य योहान फ्रीड्रिश हॉर्नर यांनी 1869 मध्ये वर्णिलेला हाच लक्षणसमूह होय. मराठवाड्यात पापणी पडली की आधी मण्यार आठवते, आणि ते रास्तच आहे, परंतु सर्पविषाने सहसा दोन्ही पापण्या जड होतात, तर येथे एकच. ही खूण ज्याला प्रथम दिसेल त्याने ती लगेच डॉक्टरांना सांगावी, कारण एक्स-रे पाहून नळी थोडी मागे ओढल्यास दाब हटतो व पुष्कळदा डोळा पूर्ववत होतो. विलंब झाला तर तसे होईलच असे नाही. नळी नातेवाइकांनी स्वतः मुळीच हलवू नये.

टोक आत हृदयाच्या बाजूला टेकले, तर श्वासपटल हलवणारा फ्रेनिक मज्जातंतू दुखावतो, श्वासपटल वर सरकते आणि नवजात बाळाला कृत्रिम श्वासावरून काढणे अवघड होते. बरगडीच्या खालच्या कडेखालून रक्तवाहिन्या व मज्जातंतू जात असल्याने नळी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरूनच आत न्यावी लागते. अन्यथा जखम भरल्यावरही आग होत राहते. छातीच्या कुशीवरून उतरणारा लांब मज्जातंतू दुखावला, तर फऱ्याचे हाड पाठीवर पंखासारखे उचलले जाते, म्हणून घरी सोडण्यापूर्वी रुग्णाला दोन्ही तळव्यांनी भिंत ढकलायला लावून पाठ पाहून घ्यावी.