इरकलचा ग्रुप काढतेयस म्हणून सांगते

अगं, चिकपेटला जाऊन माल उचलायच्या आधी जरा बस. बंगळूरात राहून इरकल आणि खण फोनवरून विकायचे, हे तू ठरवलंस ते मला फार आवडलं. पण तू आल्या आल्या विचारलंस, ‘मावशी, फॉलोअर कसे वाढवू?’ त्याच्या आधी दुसरं ठरव. बायकांनी तुझ्या ग्रुपमध्ये यायचं कशासाठी? साडी तर त्यांना कुठेही मिळते.

याचं उत्तर या शहरातच आहे. २०१५च्या मार्चमध्ये इथल्या अंजू मौदगल कदम आणि अ‍ॅली मॅथन या दोघींनी आपसात ठरवलं, की वर्षात शंभर वेळा साडी नेसायची आणि दरवेळी फोटोसोबत त्या साडीची गोष्ट लिहायची. ‘हंड्रेड सारी पॅक्ट’ या हॅशटॅगखाली ते सुरू झालं आणि देशातल्याच नव्हे, परदेशातल्या बायकाही त्यात आल्या. विकायला त्यात काही नव्हतं. नवी साडी घ्यायचीही गरज नव्हती. प्रत्येकीला फक्त एक काम होतं: कपाटातली साडी काढायची, नेसायची, तिच्याबद्दल चार ओळी लिहायच्या. हे काम हातात मिळालं म्हणून बायका टिकल्या. जिथे एकटी दुकानदारीण बोलते आणि बाकीच्या नुसत्या बघतात, तो ग्रुप महिन्याभरात म्यूट होतो.

तेव्हा आठवड्यातला एक दिवस विक्री पूर्ण बंद ठेव. त्या दिवशी फक्त जुन्या साड्या. बेळगाव, धारवाड, सोलापूरकडची माणसं इथे पुष्कळ आहेत, आजीचं इरकली लुगडं जपून ठेवलेली एखादी तरी तुझ्या ग्रुपमध्ये निघेलच. तिला बोलतं कर. तिच्या फोटोखाली आपल्या मालाची लिंक मात्र चिकटवू नकोस. ते लगेच कळतं आणि मग पुढच्या वेळी कुणी कपाट उघडत नाही.

बाकीच्या दिवशी कसब दाखव. इरकलमध्ये अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा, दोन्ही फासे घालून एकमेकांत जोडतात. कानडीत त्याला टोपी-तेणी म्हणतात. हा जोड प्रत्येक साडीला नव्याने घालावा लागतो, म्हणून तसा ताणा एकेका साडीपुरताच लावतात. हे अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत दाखवलंस, की किंमत का जास्त हे वेगळं सांगावं लागत नाही. विणकराचं नाव आणि गाव लिही, पण त्याला आधी विचारून. फोटो दिवसाच्या उजेडात काढ, फिल्टर लावू नकोस. रंग वेगळा निघाला म्हणून परत आलेली साडी दोन्ही बाजूंचं भाडं खाते.

आता ट्रेंडचं. खणाचंच बघ. गुळेदगुड्डचा खण पिढ्यान्‌पिढ्या चोळीसाठी विणला गेला, पन्हाही त्याच बेताचा. मग फेसबुक-इन्स्टाग्रामवर खणाची साडी गाजली आणि पाठोपाठ पर्स, दागिने, मुलींचे फ्रॉक सगळीकडे खण आला. मागणी वाढली तसा यंत्रमागाचा माल हातमागाच्या नावावर खपायला लागला. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यात मार खातो तो मागावर बसलेला माणूस. तू यंत्रमागाचा माल जरूर विक, स्वस्त साडी हवी असणाऱ्या बायकाही आपल्याच. पण प्रत्येक साडीखाली ‘हातमाग’ की ‘यंत्रमाग’ हे स्पष्ट लिही. ट्रेंड ओसरल्यावर तुझ्याकडे परत कोण येतं, ते या एका शब्दावर ठरेल.

आणि गिऱ्हाइकांची यादी स्वतःकडे ठेव. मी मल्लेश्वरमला घरातून साड्या विकायचे तेव्हा प्रत्येकीचं नाव, आवडता रंग, घरातली कार्यं वहीत लिहायची. तसंच कर, वहीत कर नाहीतर एक्सेलमध्ये. ऑर्कुट २०१४ला बंद झालं. टिकटॉकवर जून २०२०च्या अखेरीस बंदी आली आणि कितीजणांचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. आपल्या बंगळूरातूनच निघालेलं ‘कू’ हे अ‍ॅप २०२४ला संपलं. वही कुणी बंद करत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात म्हणून तेवढी भरू नकोस. न विचारता कुणालाही अ‍ॅड करू नकोस, लिंक पाठव, यायचं ती येईल. ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, तेव्हा पहिल्या पार्सलबरोबरच चिठ्ठी घाल की नंबर सेव्ह करा. सुप्रभातचे फॉरवर्ड पहिल्या दिवसापासून बंद. तक्रार आली तर ग्रुपवर एवढंच लिही, ‘बघते, फोन करते’, आणि खरंच फोन कर. मग काय झालं ते ग्रुपवर येऊन सांग. किंमत ग्रुपवरच लिही. ‘किमतीसाठी इनबॉक्समध्ये या’ म्हटलं की निम्म्या बायका पुढे सरकतात. कानडीत विचारलं तर कानडीतच उत्तर दे, मोडकंतोडकं चालेल.

एखाद्या रीलवालीला साडी फुकट दिलीस, तर ती जाहिरात आहे हे तिने लिहायलाच हवं, तसा नियम आहे. आणि ‘पैसे पाठवतो, तुमचा यूपीआय पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर तिथेच फोन ठेव. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

वर्षातून एकदा सगळ्यांना समोरासमोर भेटव. ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो, १९०५च्या स्वदेशी चळवळीच्या आठवणीसाठी. त्या दिवशी, इरकल जिथली त्या इळकलहून एखाद्या विणकर जोडप्याला बोलाव. प्रवासाचा आणि बुडलेल्या मजुरीचा खर्च तू दे. ती दोघं बोलतील, बायकांना विचारू दे हवं ते. गांधीनगरला महाराष्ट्र मंडळात हॉल मिळतो का, ते मे महिन्यातच विचारून ठेव.