राधेचे केस आणि आजोबांची बेलबॉटम

आईबाबांनो, दिवाळीच्या आधी नगरच्या कापड बाजारात फेरी मारली की एक संवाद हमखास कानावर पडतो. "अरे, ही पॅन्ट आहे का पोतं? यात तुझ्यासारखे दोघं मावतील." "बाबा, सगळे असलीच घालतात." "आमच्या वेळी नव्हतं बाबा असलं काही!"

या शेवटच्या वाक्याबद्दलच मला तुमच्याशी बोलायचंय. कारण आपल्या वेळी हे सगळं होतं. आपल्या आईवडिलांच्या वेळीही होतं.

१९६०मध्ये 'लव्ह इन सिमला' हा सिनेमा आला आणि त्यातल्या नायिकेच्या, साधनाच्या कपाळावरच्या त्या कापलेल्या बटा गावोगावी पोचल्या. तेल लावून घट्ट वेण्या घालणाऱ्या घरातल्या मुली गुपचूप कात्री घेऊन आरशासमोर बसू लागल्या. पुढे १९७३मध्ये 'बॉबी' आला आणि ठिपक्याठिपक्यांच्या कापडाला 'बॉबी प्रिंट' हे नाव पडलं. त्याच काळात बेलबॉटम आली. घरातल्या सगळ्या भावांचे शर्ट एकाच ताग्यातून आणि तेही वाढत्या अंगाचे शिवायचा तो जमाना. तरीही शिंप्याला "बॉटम मोठं ठेवा" हे सांगायला थोरला विसरत नसे. काळ्या मातीच्या रस्त्याने पावसाळ्यात बेलबॉटम घालून निघालेला माणूस अर्धा बांध पायाला घेऊनच घरी यायचा! आज तेच आजोबा नातवाच्या बॅगी जीन्सकडे बघून कपाळाला हात लावतात.

आता आपली पाळी. मी राहुरी तालुक्यात वाढले. 'कुछ कुछ होता है' १९९८मध्ये आला आणि फ्रेंडशिप बँडने आमच्या शाळा काबीज केल्या. ऑगस्टच्या पहिल्या रविवारनंतर मुली मनगटापासून कोपरापर्यंत रंगीत पट्ट्या बांधून यायच्या. पट्ट्या जितक्या जास्त, तितका वर्गात मान मोठा. त्या भिजायच्या, मळायच्या, त्यांना वास यायचा, पण सोडायची कोणाची टाप नव्हती.

मग २००३मध्ये 'तेरे नाम' आला. सलमान खानच्या राधेसारखा मधोमध भांग आणि दोन्ही डोळ्यांवर आलेले केस घेऊन निम्मा वर्ग फळ्याकडे बघू लागला. गंमत अशी, की त्याच सिनेमात पुढे राधेचं डोकं भादरलेलं दिसतं. तेवढा भाग मात्र एकाही मुलाने उचलला नाही. त्यानंतर धोनीची मानेवर रुळणारी झुलपं आली. २००६मध्ये लाहोरच्या सामन्यानंतर पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांनीच ती कापू नकोस असं सांगितल्यावर तर मुलांना घरी वाद घालायला थेट राष्ट्राध्यक्षांचा दाखला मिळाला. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान २०००पासून भारताकडून खेळत होता, पण केसांच्या बाबतीत आमच्या पोरांचं लक्ष रांचीच्या धोनीकडेच! २००७च्या टी-ट्वेंटी विश्वचषकानंतर धोनीनेच केस कापले आणि घरोघरच्या आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

हे सगळं आठवून हसू येतं, आणि हसावंच. पण त्या हसण्यातून हाती येणारी एक गोष्ट सांभाळून ठेवा. यातली एकही फॅशन कोणाच्या उपदेशाने गेली नाही. ती मुलांच्या अंगावरून आपोआप उतरली. बेलबॉटम घालणारे पुढे शेतकरी झाले, शिक्षक झाले, साखर कारखान्यात नोकरीला लागले. राधेचे केस ठेवणारे आज बाप झालेत आणि मुलाच्या केसांवरून त्याच्याशी भांडतायत.

मग मुलं एवढी इरेला का पेटतात? या वयात त्यांना वाटत असतं की सगळं जग आपल्याकडेच बघतंय. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७मध्ये याला काल्पनिक प्रेक्षक असं म्हटलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा २०००मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोगही मजेशीर आहे. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. जवळजवळ निम्म्या लोकांनी तो पाहिला असणार, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला होता. कॉलेजातल्या मुलांचं हे, तर आठवीतल्या लेकराच्या मनावर ते ओझं किती असेल? तुम्हाला जी नुसती पॅन्ट दिसते, तिच्यात त्याला मित्रांमधली आपली जागा दिसत असते. म्हणून 'पोतं', 'माकड', 'जोकर' हे शब्द कपड्यांना लागत नाहीत, थेट त्याला लागतात.

मग सगळ्यालाच हो म्हणायचं का? नाही. माझ्या मते नकार तीनच ठिकाणी हवा, आणि तिथे तो ठाम हवा.

पहिलं, अंगाला अपाय. यात्रेत मशीनवर गोंदवून घेण्याची मुलांना फार हौस असते. पण तीच सुई अनेकांना वापरली, तर कावीळ ब आणि क, एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. आजीच्या हातावर गोंदण आहे, हे इथे कारण होऊ शकत नाही. काळ्या मेंदीत आणि केसांच्या कलपात असणाऱ्या पीपीडी या रसायनाने काहींच्या त्वचेवर फोड येतात. डॉक्टरांना न विचारता घातलेल्या रंगीत लेन्सने डोळ्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो. ही कारणं मुलांना नीट सांगा. कारण कळलं की नकार पचवणं त्यांना सोपं जातं.

दुसरं, शाळेचा नियम. तो मुलाच्या बाजूने शिक्षकांशी बोलून बदलता आला तर जरूर बोला. पण नियम आहे तोवर तो पाळायचा. केस सुट्टीत वाढवता येतात.

तिसरं, घरची ऐपत. आमच्या वेळी मढीच्या यात्रेत मिळणारा गॉगल स्वस्त होता, म्हणून तो सगळ्यांच्या डोळ्यांवर होता. आज फॅशनला ब्रँडची किंमत चिकटली आहे. एकाच बाकावर बागायतदाराचा मुलगा असतो आणि ऊसतोडीला जाणाऱ्याचाही. ज्यांना परवडतं त्या आईबाबांना माझी मनापासून विनंती आहे, की महागड्या बुटांची स्पर्धा तुमच्या घरातून सुरू होऊ देऊ नका. आणि ज्यांना परवडत नाही, त्यांनी खोटी सबब सांगू नये. "एवढे पैसे आहेत, यात तू निवड" असं सरळ सांगावं. रक्कम आपण ठरवायची, निवड त्याने करायची. पैसा कुठे वाया जातो, हे मूल त्यातूनच शिकतं.

या तिन्हींत न बसणारं जे उरतं, म्हणजे भांग, बटा, ढगळ पॅन्ट, कानापर्यंतची टोपी, ते मुलांचं. त्यावर भांडण घालून तुमचा शब्द स्वस्त करू नका. तो शब्द पुढे मोठ्या गोष्टींसाठी लागणार आहे. व्यसन, मोबाइलवर अनोळखी माणसांशी झालेली ओळख, परीक्षेतलं अपयश, प्रेम, या विषयांवर मुलाने तुमच्याशी बोलावं असं वाटत असेल, तर त्याची तयारी केसांच्या गप्पांपासूनच होते.

म्हणून येत्या सुट्टीत एक करा. माळ्यावरचा जुना अल्बम खाली काढा. आजीआजोबांनाही बोलवा. बाबांचा तो मधला भांग, आईच्या मनगटावरच्या पट्ट्या, आजोबांची बेलबॉटम, सगळं मुलांना बघू द्या आणि पोट धरून हसू द्या. मग त्यांना विचारा, "तुमच्या वर्गात सध्या काय चालू आहे?" आणि मध्ये न बोलता ऐका. आईबाबांच्या केसांवर हसायची मोकळीक ज्या घरात असते, तिथे मूल स्वतःच्या मनातलं सांगायला बिचकत नाही.