ट्रान्स्फर केस : गिअरची की चेनची?

प्रश्न : जुनी महिंद्रा जीप आणि थार सीआरडीई, यांपैकी कोणाची ट्रान्स्फर केस अधिक भक्कम? बारवी धरणाकडच्या कच्च्या रस्त्यांवर गाडी वापरायची आहे. – एक वाचक, बदलापूर

उत्तर : भक्कमपणा नावावरून नव्हे, पेलायच्या टॉर्कवरून ठरवा. इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर आणि पहिला गिअर ४ पट धरला, तर ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीत, १,००० शिरतात. लो रेंज (केसमधला हळू, जादा जोराचा गिअर) २.५ पट असेल तर २,५०० बाहेर पडतात. ओझे शाफ्ट, त्याचे दाते आणि बेअरिंग यांवर येते.

विलिस घडणीच्या जुन्या जीपमध्ये बिडाच्या कवचात गिअरला गिअर भिडलेला असतो. धक्के तो उत्तम सोसतो. पण मधला शाफ्ट आणि त्याची बेअरिंग झिजतात, आवाजही जास्त. थार सीआरडीईमध्ये पुढच्या चाकांना ताकद चेनमधून मिळते. ती शांत चालते. मात्र ताणली गेली की जोर लावताना दात सोडते.

म्हणून निव्वळ सोशिकपणात गिअरची केस सरस. पण झिजलेल्या गिअरपेक्षा निरोगी चेन केव्हाही बरी. उल्हासनगर-अंबरनाथच्या गॅरेजात जुनी केस घेताना शाफ्ट हलवून ढिलाई पाहा, तेलात लोखंडी कीस आहे का तपासा. पावसाळ्यात पाण्यातून गेल्यावर तेल दुधाळ दिसले तर लगेच बदला. कोरड्या डांबरी वा काँक्रीट रस्त्यावर फोर-व्हील कधीही लावू नका. त्याने दोन्ही प्रकारच्या केसेसचे नुकसान होते.