संप्रेरक भरपूर, तरी वाढ का खुंटते?

लहानपणी पुरेसे अन्न न मिळालेले मूल वयाच्या मानाने ठेंगणे राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुले अशी खुरटलेली आढळली. आपली उंची वाढवणारे वृद्धी-संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवते. तेव्हा उपाशी मुलाच्या रक्तात ते कमी असेल, असाच तर्क कोणीही करील.

पण विज्ञानात तर्काला मोजमापाची जोड लागते. एक मिलिलिटर रक्तात हे संप्रेरक ग्रॅमच्या काही अब्जांश भागांइतकेच असते. एवढे सूक्ष्म पदार्थ मोजण्याची, किरणोत्सारी अणूंचा उपयोग करणारी पद्धत रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधली. यालो या मूळच्या भौतिकशास्त्रज्ञ; १९७७ साली त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० नंतरच्या दशकात पिमस्टोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेत तीव्र कुपोषित मुलांचे रक्त याच पद्धतीने तपासले. संप्रेरक कमी तर नव्हतेच, उलट ते नेहमीपेक्षा जास्त होते!

हे कोडे कसे सुटते?

वृद्धी-संप्रेरक हाडे वाढवण्याचे बरेचसे काम दुसऱ्याकरवी करून घेते. ते यकृताला संदेश देते आणि यकृत ‘इन्शुलिनसदृश वृद्धिघटक-१’ तयार करते. हा घटक हाडांच्या टोकांजवळील कूर्चेत नव्या पेशी वाढवतो. तो रक्तात पुरेसा झाला, की पीयूषिकेला ‘आता पुरे’ असा संदेश जातो.

वालावलसारख्या कोकणी गावातील घरामागची विहीर डोळ्यांपुढे आणा. पंप पाणी चढवतो. टाकी भरली की तरंगता गोळा वर येतो आणि पंप बंद पडतो. आता नळातली झडप जवळजवळ मिटली तर? टाकी भरणार नाही, गोळा वर येणार नाही आणि पंप चालतच राहील. येथे पंप म्हणजे पीयूषिका, झडप म्हणजे यकृत आणि टाकीतले पाणी म्हणजे वृद्धिघटक. उपासमारीत यकृत संप्रेरकाला दाद देईनासे होते.

ही झडप शरीर स्वतःच मिटते. नवे हाड, नवे स्नायू बांधण्यास ऊर्जा लागते. शिल्लक नसताना घर वाढवायला कोण काढील? शरीर आधी हृदय आणि मेंदू चालू ठेवते. वाढलेले संप्रेरकही वाया जात नाही. ते साठवलेली चरबी मोकळी करते, तिचे इंधन होते आणि मेंदूसाठी साखर वाचते.

मग उपाय कोणता?

संप्रेरकाची इंजेक्शने येथे निरुपयोगी. पंप मुळात चालूच आहे. झडप उघडते ती अन्नाने, आणि त्यात ऊर्जा व प्रथिने दोन्ही हवीत. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी हे आग्रहाने मांडले होते, की एकूण अन्नच अपुरे असेल तर खाल्लेली प्रथिनेही शरीर सरपणासारखी जाळून टाकते. नुसत्या पातळ पेजेने पोट भरल्यासारखे वाटते. पण तिच्यात बहुतांश पाणीच असते. जोडीला भात, कुळथाची पिठी, खोबरे, एखादा बांगडा किंवा अंडे आले, म्हणजे बांधकामास माल आणि इंधन दोन्ही मिळतात.

मात्र वेळ महत्त्वाची आहे. गर्भावस्था आणि पहिली दोन वर्षे या काळात वाढीचा वेग सर्वांत जास्त असतो. तेव्हा राहिलेली उणीव पुढे पूर्ण भरून निघणे कठीण असते. म्हणून गरोदर आईचे आणि तान्ह्या बाळाचे पोषण हा साऱ्या गावाच्या काळजीचा विषय आहे.

विचार करा : कुपोषित मुलाला काही आठवडे पोटभर, सकस अन्न मिळाले, तर त्याच्या रक्तातील वृद्धिघटकाचे आणि वृद्धी-संप्रेरकाचे प्रमाण कसकसे बदलेल? पंप आणि टाकीची आकृती काढून उत्तर द्या.