पाण्यांत विरघळलेलें मीठ जातें कोठें?

पेलाभर पाण्यांत चमचाभर मीठ घालून ढवळलें कीं तें दिसेनासें होतें. तें नाहींसें झालें काय? मुलुंड-भांडुपच्या मिठागरांनीं या प्रश्नाचें उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिलें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. भरतीचें खारें पाणी उथळ वाफ्यांत घेत. उन्हानें पाणी वाफ होऊन जाई व मीठ मागें राही. आम्हीं घरीं ताटलींत खारें पाणी उन्हांत ठेविलें, तेव्हां तसाच पांढरा थर उरला.

विरघळण्यासही मर्यादा असते. १०० ग्रॅम पाण्यांत सुमारें ३६ ग्रॅम मीठ विरघळतें; अधिक घातलेलें तळाशीं बसतें. उकळत्या पाण्यांतही हें प्रमाण ३९ ग्रॅमच्या आसपासच राहतें. साखर मात्र साध्या पाण्यांत सुमारें २०० ग्रॅम व उकळत्या पाण्यांत त्याच्या दुपटीहून अधिक विरघळते. म्हणून पाक चुलीवर करितात. गोड्या तेलांत मात्र दोन्ही तशींच राहतात. पाण्याचे कण मिठाच्या कणांस ओढून वेगळे करितात. तेलाच्या कणांस तें सामर्थ्य नाहीं.

यावरून घरोघरीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पाणी निवळ दिसलें म्हणजे शुद्धच असतें असें नाहीं. उकळल्यानें रोगजंतु मरतात, पण विरघळलेलें मीठ जात नाहीं. उलट पाणी आटेल तसा खारटपणा वाढतो. म्हणून खाडीलगतच्या विहिरीचें पाणी मचूळ लागल्यास केवळ उकळून समाधान मानूं नये. तें तपासून घ्यावें. जें दिसत नाहीं तें नसतेंच, असें नाहीं.