आधी गवत कापा, मग काठ खणा



इंग्लंडमधील कालव्यांच्या काठी 'वॉटर व्होल' नावाचा एक गुबगुबीत प्राणी राहतो. आपण त्याला पाणउंदीर म्हणू. त्याचे नाक आखूड, कान केसांत दडलेले आणि वजन सुमारे २०० ते ३५० ग्रॅम असते. काठाच्या मातीत तो बिळे करतो. बिळाचे एखादे तोंड पाण्याखालीही असते.

विसाव्या शतकात त्याची संख्या फार घटली. काठावरची झाडोरा असलेली जागा कमी झाली. शिवाय फरसाठी अमेरिकेतून आणलेले मिंक नावाचे शिकारी प्राणी निसटून रानात पसरले. मिंकची मादी सडपातळ असल्याने थेट बिळात शिरते. म्हणून २००८ सालापासून इंग्लंडमध्ये पाणउंदराला व त्याच्या बिळांना कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे.

पण कालव्याचा काठ ढासळला तर दुरुस्ती टाळता येत नाही. मग बिळातल्या उंदराचे काय करायचे?

यावर एक साधी युक्ती आहे. काम थोड्या लांबीचे, म्हणजे ५० मीटरपर्यंत असेल, तर तेवढ्याच भागातील गवत परवाना घेऊन जमिनीलगत कापतात. शेजारी हिरवा काठ तसाच राखतात. उंदीर आपणहून तिकडे जातो.

तो का जातो? याचे उत्तर थोडेसे पदार्थविज्ञानात आहे. १ सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी व घनफळ १ घ. सेंमी असते, गुणोत्तर ६. बाजू २ सेंमी केली तर पृष्ठफळ २४, घनफळ ८; गुणोत्तर ३. म्हणजे वस्तू जितकी लहान, तितका तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, आणि उष्णताही लवकर निघून जाते. त्यातून पाणी हवेपेक्षा सुमारे २४ पट अधिक उष्णतावाहक! ही उष्णता भरून काढायची, तीही गवतासारख्या कमी ऊर्जेच्या अन्नातून. म्हणून पाणउंदीर रोज आपल्या वजनाच्या सुमारे ८० टक्के खातो. ४० किलोच्या मुलाने रोज ३२ किलो जेवण्यासारखेच हे! गवत गेले की अन्न गेले, आणि शत्रूपासून लपायचा आडोसाही गेला.

वेळ मात्र अचूक साधावी लागते. थंडीत तो बहुतेक वेळ बिळातच साठवलेल्या अन्नावर काढतो. तेव्हा गवत कापून तो हलणार नाही. उन्हाळ्यात बिळात पिल्ले असतात. म्हणून १५ फेब्रुवारी ते १५ एप्रिल हा काळ निवडतात. गवत कापल्यावर काही दिवस थांबतात. मग जाणकाराच्या देखरेखीखाली बिळे हळूहळू उकरून ती रिकामी असल्याची खात्री करतात, आणि त्यानंतरच यंत्र लावतात.

दुरुस्तीत पोलादी पत्रे ठोकले तर उंदराला पुन्हा बीळ करता येत नाही. शक्य तेथे नारळाच्या काथ्याच्या गुंडाळ्या लावतात. त्यांत पाणवनस्पती रुजतात, काठ टिकतो आणि उंदीरही परततो.

आता सांगा: १० सेंमी बाजूच्या घनाचे गुणोत्तर किती? आणि गवत कापायचे काम डिसेंबरात उरकले, तर काय होईल?