वाइनमधला कुजक्या अंड्याचा वास मोजताना

वाइनची बाटली उघडताच कुजक्या अंड्याचा भपकारा आला तर पहिला संशय हायड्रोजन सल्फाइडचा. शिजलेल्या कोबीसारखा वास असेल तर मिथेनथायॉलचा. हायड्रोजन सल्फाइड लिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. जीसी-एमएसला तो दाखवायचा तर आधीची तयारी चोख हवी.

बाटली आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवावी. व्हायलचा सेप्टम टेफ्लॉनचे अस्तर असलेला घ्यावा. साध्या रबरात गंधक असते. व्हायलमधली हवा नायट्रोजनने घालवून ५ मिलिलिटर थंड वाइन हळूच तळाशी सोडावी. त्यात ड्युटेरियमयुक्त डायमिथाइल सल्फाइड हे अंतर्गत मानक घालून झाकण लगेच आवळावे. मीठ घातले की वायू जास्त सुटतात, पण तांब्याशी बांधलेला सल्फाइडही मोकळा होतो. फक्त मुक्त सल्फाइड हवा असेल तर मीठ टाळावे.

३५ अंशांवर अर्धा तास कार्बोक्सेन-पीडीएमएस फायबर वाइनच्या वरच्या हवेत धरावे, मग गरम इंजेक्टरमध्ये सोडावे. लायनर निष्क्रिय केलेलाच हवा. कॉलम जाड थराचा, ओव्हनची सुरुवात ३५ अंशांवर. इथेनॉल बाहेर पडते तेवढा वेळ फिलामेंट बंद ठेवावा.

खरी फसगत वस्तुमानांत होते. हायड्रोजन सल्फाइडचा आयन ३४ चा, पण हवेतल्या ऑक्सिजनच्या जड समस्थानिकामुळे ३४ वर तोही उमटतो. म्हणून वेळ जुळते का आणि सोबत ३३ दिसतो का, हे पाहिल्याशिवाय पीकला नाव देऊ नये. मिथेनथायॉलसाठी ४८ वर भिस्त ठेवू नये. वाइनमधल्या सल्फर डायऑक्साइडचा तुकडाही ४८ चाच, तेव्हा ४७ बरा. डायमिथाइल सल्फाइड आणि इथेनथायॉल दोन्ही ६२ चे, त्यांना कॉलमनेच वेगळे करायचे. आणि ९४ वर डायमिथाइल डायसल्फाइड दिसले तरी ते वाइनमधलेच असेल असे नाही. मिथेनथायॉलचे ऑक्सिडीकरण फायबरवर किंवा इंजेक्टरमध्येही होते. निव्वळ मिथेनथायॉलचे द्रावण चालवून पाहिले की खरेखोटे कळते.

मानकरेषा पाण्यात काढू नये. त्याच वाइनमध्ये ज्ञात मात्रा वाढवत न्यावी. सोडियम सल्फाइडचे द्रावण ऑक्सिजन काढलेल्या अल्कधर्मी पाण्यात, त्याच दिवशी करावे. ते आम्लाजवळ नेताना फ्यूम हूड सोडू नये: त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि मात्रा वाढली की हा वायू नाकच बधिर करतो, वास थांबला म्हणजे धोका टळला असे नाही.